कर्नल ५.१५ वर गेल्यापासून गिगाबिटवर लिंक येते, पण पिंग होत नाही – आय.एमएक्स६ आणि केएसझेड९०३१

गाळप_गेटवे:

नमस्कार मंडळी. पोस्ट लांबलचक आहे. अर्धवट माहिती दिली की पहिले चार प्रतिसाद माहिती मागण्यातच जातात, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते.

आम्ही भोसरीत साखर कारखान्यांसाठी एक गेटवे बनवतो. वजनकाटा, मिल हाउसमधले पीएलसी, बॉयलरवरचे मीटर यांची रीडिंग मॉडबसवरून गोळा करून कारखान्याच्या सर्व्हरला पाठवणारी, पॅनेलमध्ये डिन रेलवर बसणारी डबी. आत आय.एमएक्स६ ड्युअल प्रोसेसर, केबलवरचे सिग्नल सांभाळणारी गिगाबिट फाय चिप म्हणून केएसझेड९०३१, आणि दोघांना जोडणाऱ्या आरजीएमआयआय तारा. बोर्ड आमचाच आहे, लेआउट बाहेरून करून घेतलेला. डिव्हाइस ट्री (बोर्डावर काय कुठे जोडलंय ते कर्नलला सांगणारी फाइल) माझ्या आधीच्या टीमने कुठल्याशा मॉड्यूलच्या फाइलवरून उचलून वाढवत नेलेली.

इतकी वर्षं सगळं ४.१४ कर्नलवर सुखाने चालू होतं. ४.१४ चा दीर्घकालीन सपोर्ट जानेवारी २०२४ मध्ये संपला. आता कारखान्यांचे आयटीवालेही सिक्युरिटी पॅचचं काय म्हणून विचारायला लागलेत. म्हणून योक्टो कर्कस्टोन आणि ५.१५ वर आलो. डिव्हाइस ट्रीत जिथे बिल्ड अडलं तेवढंच बदललं, बाकी जशीच्या तशी.

टेबलावर सगळं व्यवस्थित. सांगलीकडच्या एका कारखान्यात चाचणीसाठी लावलं, तिथेही व्यवस्थित. कोल्हापूर जिल्ह्यातल्या दुसऱ्या कारखान्यात लावलं तर डीएचसीपीचा पत्ताच मिळेना. पोर्टचे दिवे लागतात, केबल काढली की विझतात, पण डेटा नाही. तिथल्या माणसाने केबल बदलली, स्विचचा पोर्ट बदलला, आम्ही दुसरी डबी पाठवली, तरी तेच. नंतर फोटो मागवले तेव्हा दिसलं की तिथे नवा गिगाबिट स्विच आहे, आणि सांगलीचा व आमच्या टेबलावरचा, दोन्ही जुने १०/१०० चे. ऑफिसमध्ये गिगाबिट स्विच आणून जोडला आणि तोच आजार समोर उभा.

लॉगमध्ये तक्रारीची एक ओळ नाही. उलट छान लिहिलेलं येतं:

एफईसी २१८८०००.इथरनेट ईथ०: लिंक इज अप – १जीबीपीएस/फुल – फ्लो कंट्रोल आरएक्स/टीएक्स

एथटूलला मोठा एस देऊन काउंटर पाहिले तर ‘आयईईई_आरएक्स_सीआरसी’ (खराब आलेल्या फ्रेमचा काउंटर) डोळ्यांदेखत वाढतोय आणि नीट आलेल्या फ्रेम जवळजवळ नाहीतच. पलीकडे लॅपटॉपवर वायरशार्क लावला तर बोर्डाकडून काहीच येत नाही, क्वचित एखादा एआरपी. एसी बंद असताना दुपारी तो क्वचितचाही बंद होतो असं वाटलं, पण हे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

आणि खरं चक्रावणारं पुढे आहे. तीच डबी, तीच केबल, तोच स्विच. यू-बूटमध्ये (कर्नलच्या आधी चालणाऱ्या बूटलोडरमध्ये) थांबवून पिंग मारला तर गिगाबिटवर मस्त चालतो. ४.१४ चं जुनं एसडी कार्ड घातलं तरी चालतो. माझ्या मते हार्डवेअर ठीक आहे. आमचे साहेब म्हणतात फायच्या सप्लायवर डिकपलिंग कमी पडतंय, नवा बोर्ड काढू. गळीत हंगाम तोंडावर आलाय, एकदा मोळी पडली की कारखान्यात पॅनेल उघडू देत नाहीत. नवा बोर्ड काढून तपासायला वेळ कुठला?

कुठे बघू?

नेटवाला_नाशिक:

मिल हाउस म्हणजे व्हीएफडींचं (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचं) माहेरघर. अनशिल्डेड केबल व्हीएफडीच्या पॉवर केबलला चिकटून ट्रेमधून गेली असेल तर १०० वर चालणारी लाइन १००० वर मार खाते. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच. आरजे४५ क्रिम्प करणाऱ्याने निळी आणि तपकिरी जोडी कशीबशी बसवली असेल तर असंच होतं. कॅट६ शिल्डेड टाका, शिल्ड एकाच टोकाला अर्थ करा, आणि टेस्टरवर चारही जोड्या तपासा. आमच्याकडे एका पेपर मिलला हेच निघालं होतं.

सोल्डर_काका:

नेटवाला दादा, तुमचा सल्ला कारखान्यासाठी सोळा आणे खरा. पण ताईंच्या ऑफिसमध्ये व्हीएफडी नाहीत आणि तिथेही आजार तोच आहे. शिवाय त्याच केबलवर यू-बूट चालतोय. केबल बदलत बसणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

गाळप ताई, साहेबांना सांगा की पीसीबीवाल्याला फोन करायची घाई नको. तुमच्या पोस्टमध्येच नव्वद टक्के उत्तर आहे. लिंक १००० वर येते म्हणजे फाय आणि स्विच यांचं तांब्यावरचं बोलणं जमलंय. सीआरसी मोजतोय तो मॅक (प्रोसेसरमधला इथरनेटचा भाग, तुमच्याकडे एफईसी), म्हणजे फ्रेम खराब होतेय ती फाय आणि प्रोसेसरच्या मधल्या बारा तारांवर. तो रस्ता सगळा तुमच्या बोर्डावर आहे, इंच-दोन इंचांचा.

तरी खात्री करून घेऊ. पुढच्या गोष्टी बघून इथे टाका.

फायचं रजिस्टर १० वाचा, एमआयआय टूल किंवा फायटूल जे हाताशी असेल त्याने. त्याचे खालचे आठ बिट म्हणजे गिगाबिटच्या आयडल एररचा काउंटर. वाचला की शून्य होतो, म्हणून एकदा वाचून सोडून द्या आणि थोड्या वेळाने परत वाचा. केबल किंवा डिकपलिंगचा दोष असेल तर तो इथे दिसेल. शून्य असेल तर तांब्याची बाजू स्वच्छ.

सिसएफएसमध्ये क्लास, नेट, ईथ० च्या खाली ‘फायडेव्ह’ नावाची लिंक आहे. तिच्यातली फाय_आयडी आणि फाय_इंटरफेस या दोन फाइल कॅट करा. त्या फायवर कुठला ड्रायव्हर बसलाय तेही बघा, मायक्रेलचा की जेनेरिक.

मग स्पीड १०० वर आणून पिंग. पण इथे बरेच जण एक घोळ घालतात. एथटूलने ऑटोनेग बंद करून ‘स्पीड १०० डुप्लेक्स फुल’ लादतात. समोरच्या स्विचला वाटाघाटीचं उत्तरच मिळत नाही. तो स्पीड तेवढा ओळखतो आणि डुप्लेक्स हाफ धरून बसतो. मग एकीकडे फुल, एकीकडे हाफ, टक्कर सुरू, आणि आपण म्हणतो १०० वरही खराब आहे. ऑटोनेग चालू ठेवा आणि फक्त ॲडव्हर्टाइज मर्यादित करा: एथटूल, छोटा एस, ईथ०, ॲडव्हर्टाइज ०एक्स००८. म्हणजे बोर्ड सांगतो की मला १०० फुलच येतं, आणि स्विच ते निमूट मान्य करतो.

आणि डिव्हाइस ट्रीमधला एफईसीचा नोड जसाच्या तसा टाका. मला ‘फाय-मोड’ची ओळ बघायची आहे.

बंगळूरचा_बापू:

इतकं कशाला? कर्नल कॉन्फिगमधून मायक्रेल फायचा ड्रायव्हर काढून टाका. जेनेरिक फाय बसतो आणि सगळं चालतं. आमच्या आय.एमएक्स६ च्या बोर्डावर ५.१० वर आलो तेव्हा हेच झालं होतं, हेच केलं. तो बोर्ड अजून फील्डमध्ये आहे, एक तक्रार नाही.

गाळप_गेटवे:

काका, सगळं केलं.

रजिस्टर १० चे खालचे आठ बिट शून्य. परत वाचले, परत शून्य. साहेबांना दाखवलं, ते ‘हं’ म्हणाले.

फाय_आयडी ०एक्स००२२१६२२. फाय_इंटरफेस फक्त ‘आरजीएमआयआय’. ड्रायव्हर मायक्रेल केएसझेड९०३१ गिगाबिट फाय.

ॲडव्हर्टाइज ०एक्स००८ करून १०० वर आणलं तर पिंग एकदम स्वच्छ, रात्रभर सोडला तरी एकही पॅकेट हरवलं नाही, सीआरसी शून्यावर थांबलेला.

नोड असा आहे. स्टेटस ओके, फाय-मोड = “आरजीएमआयआय”, फाय-रीसेट-जीपीआयओज मध्ये एक लाइन, फाय-रीसेट-ड्युरेशन १०, आणि फाय-हँडल. स्क्यूची (क्लॉक आणि डेटा एकमेकांच्या मागेपुढे सरकवणाऱ्या सेटिंगची) एकही ओळ नाही.

बापूंचा उपायही करून पाहिला, आणि निकाल मजेशीर आहे. जेनेरिक ड्रायव्हरवर सीआरसी थांबले! लॅपटॉपने पाठवलेले एआरपी बोर्डावर टीसीपीडंपमध्ये दिसतात, बोर्ड उत्तरही पाठवतो असं टीसीपीडंप म्हणतो, पण लॅपटॉपला ते मिळत नाही. म्हणजे येणारी बाजू सुधारली, जाणारी अजून मेलेलीच. हे काय गौडबंगाल आहे?

सोल्डर_काका:

गौडबंगाल नाही, उलट याच्याइतका चांगला पुरावा मिळणार नाही. घोडं कुठे पेंड खातंय ते आता उघड आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी नव्याने विचारतं.

आरजीएमआयआयमध्ये दोन्ही दिशांना प्रत्येकी एक क्लॉक, एक कंट्रोल आणि चार डेटा. १००० वर क्लॉक १२५ मेगाहर्ट्झ, म्हणजे एक फेरी ८ नॅनोसेकंदांची. चढत्या कडेला बाइटचे खालचे चार बिट, उतरत्या कडेला वरचे चार. म्हणजे प्रत्येक निबलच्या (चार बिटांच्या गटाच्या) वाट्याला ४ नॅनोसेकंद. पाठवणारा क्लॉक आणि डेटा एकाच वेळी बदलतो. घेणाऱ्याने त्याच कडेवर वाचलं तर डेटा नेमका बदलत असताना वाचला जाणार. म्हणून क्लॉक साधारण दीड ते दोन नॅनोसेकंद उशिरा पोचायला हवा, म्हणजे कड निबलच्या मध्यावर पडते.

हा उशीर करायचा कुणी, एवढाच सगळा वाद आहे. स्पेसिफिकेशनच्या १.३ आवृत्तीत तो पीसीबीने करायचा होता, क्लॉकची ट्रेस नागमोडी लांबवून. २.० मध्ये चिपच्या आतच उशीर करायची सोय आली. तीन जागा झाल्या: बोर्डाची ट्रेस, मॅक, फाय. प्रत्येक दिशेसाठी यातल्या एकाने, आणि एकानेच, काम करायचं. कुणीच केलं नाही तर मेलं. दोघांनी केलं तरी मेलं, कारण दोन आणि दोन चार, आणि चार नॅनोसेकंदांत पुढचा निबल येऊन ठेपतो.

तुमचा लेआउट उघडा आणि टीएक्ससी, आरएक्ससी या नेटची लांबी डेटाच्या नेटशी ताडून बघा. एफआर-४ वर दोन नॅनोसेकंद म्हणजे साधारण ३० सेंटीमीटर तांबं. डिन रेलच्या डबीत एवढी जिलबी घातलेली असेल तर ती नुसत्या डोळ्यांनी दिसेल. नसणारच. आणि आय.एमएक्स६ च्या एफईसीमध्ये आतला उशीर नाही. राहिला कोण? फाय.

आता ‘फाय-मोड’. लोक याला ड्रायव्हरची सेटिंग समजतात, पण ते बोर्डाचं वर्णन आहे. नुसतं ‘आरजीएमआयआय’ म्हणजे ‘उशिराची सोय बोर्डावर झालेली आहे, फायने हात लावू नये’. ‘आरजीएमआयआय-आयडी’ म्हणजे ‘दोन्ही दिशांचा उशीर फायने करावा’. ‘-आरएक्सआयडी’ आणि ‘-टीएक्सआयडी’ म्हणजे एकाच दिशेचा. तुमच्या ट्रीत लिहिलेलं वर्णन तुमच्या बोर्डाचं नाहीच.

मग ४.१४ वर कसं चालत होतं? तेव्हा केएसझेड९०३१ चा ड्रायव्हर फाय-मोडकडे ढुंकूनही पाहत नव्हता. आणि आय.एमएक्स६ च्या मशीन कोडमध्ये, मॅक-आयएमएक्स६क्यू.सी या फाइलमध्ये, याच फायसाठी एक फिक्सअप होता. फायचा आयडी जुळला की दोन्ही क्लॉक जास्तीत जास्त मागे ढकलायचा आणि येणारा डेटा, कंट्रोल जास्तीत जास्त पुढे. ट्रीत काय लिहिलंय याची पर्वा न करता. म्हणून चुकीचं वर्णन वर्षानुवर्षं खपून गेलं. ५.८ मध्ये ड्रायव्हरला फाय-मोड समजायला लागला. ‘आरजीएमआयआय’ वाचला की तो इमानदारीत फायचा सगळा उशीर काढून टाकतो, रीसेटनंतर फाय स्वतःहून जो थोडा ठेवतो तोसुद्धा. मशीन कोडमधला तो फिक्सअपही नंतर काढून टाकला गेला.

आता तुमच्या जेनेरिकच्या प्रयोगाकडे या. या फायला रीसेट मिळाला की येणाऱ्या दिशेला मुळात १.२ नॅनोसेकंद उशीर असतो, जाणाऱ्या दिशेला काहीच नसतो. जेनेरिक ड्रायव्हर या रजिस्टरांना हात लावत नाही. म्हणून येणारं ऐकू आलं, जाणारं पोचलं नाही. तुम्ही अभावितपणे दोन्ही दिशा वेगवेगळ्या तपासल्यात.

यू-बूट का चालतो? बहुतेक तुमच्या बोर्ड फाइलमध्ये कुणीतरी एमएमडी २ च्या रजिस्टरांत स्क्यू लिहिलेले सापडतील. लिनक्स आला की फाय-रीसेटची लाइन खाली ओढतो आणि ते सगळं पुसलं जातं.

बापू, तुमच्या बोर्डाच्या ट्रीत रीसेटची लाइन नसावी, म्हणून यू-बूटने लिहिलेलं टिकून राहिलं आणि जेनेरिकवर चाललं. उद्या कुणी यू-बूट बदलला किंवा कुणी रीसेट जोडला, की तुमचा फोन वाजणार. ड्रायव्हर काढू नका, ट्री दुरुस्त करा.

आणि १०० वर का चालतं, हे ताईंनी विचारलं नाही, पण साहेब विचारतील. तिथे क्लॉक २५ मेगाहर्ट्झ आणि नवा निबल पूर्ण ४० नॅनोसेकंदांच्या फेरीत एकदाच. वाचणाऱ्याने कडेवर थोडं आधी वाचून मागचा निबल उचलला आणि सगळ्या तारांवर सारखाच मागे राहिला, तरी क्रम शाबूत राहतो, फक्त एक फेरी उशीर. १००० वर तसं झालं की या बाइटचा वरचा अर्धा पुढच्या बाइटच्या खालच्या अर्ध्याशी जोडला जातो. कंट्रोलच्या तारेवरही दोन कडांना दोन वेगळ्या खुणा असतात, त्यांचीही अदलाबदल. मग सीआरसी बिचारा काय जुळणार.

बदल एका शब्दाचा आहे. फाय-मोड = “आरजीएमआयआय-आयडी”. करून सांगा.

म्युनिकहून_मिलिंद:

काकांच्या म्हणण्याला पुरवणी. हे फक्त या फायचं दुखणं नाही. एथेरॉसच्या एआर८०३१ आणि एआर८०३५ च्या ड्रायव्हरमध्ये ५.१ च्या वेळी हेच झालं. ‘आरजीएमआयआय’ लिहिलेल्या बोर्डांवर उशीर बंद व्हायला लागला आणि बऱ्याच बोर्डांच्या ट्री फाइल दुरुस्त कराव्या लागल्या. रिअलटेकच्या आरटीएल८२११ई ला २०२० च्या अखेरीस तीच पाळी आली. त्यात ऑलविनरचे बरेच छोटे बोर्ड सापडले. जुन्या कर्नलवरून उडी मारताना मी आता लॉग बघायच्या आधी ट्रीत ‘आरजीएमआयआय’ शोधतो आणि स्कीमॅटिक समोर ठेवतो.

रॉकचिपवाल्यांनी जास्त जपायचं. तिथे मॅकमध्येही टीएक्स_डिले आणि आरएक्स_डिले असतात. म्हणून मॅक आणि फाय यांपैकी उशीर कोण करतंय ते आधी बघायचं. दुसऱ्याचं उत्तर जसंच्या तसं आपल्या ट्रीत चिकटवायचं नाही.

गाळप_गेटवे:

चाललं!! एका शब्दावर. गिगाबिट स्विच, ५.१५, मायक्रेलचा ड्रायव्हर, सीआरसी शून्य. लेआउटमध्ये बघितलं, जिलबी नाही, क्लॉक आणि डेटा सगळे एकाच मापाचे. यू-बूटच्या बोर्ड फाइलमध्ये एमएमडीत लिहिणाऱ्या ओळीही सापडल्या, वर टिप्पणी एकच: ‘डू नॉट रिमूव्ह’. का, ते लिहायला कुणाला सुचलं नाही.

आता दोन प्रश्न. आयपर्फ३ वर (नेटचा वेग मोजणाऱ्या टूलवर) ४०० मेगाबिटच्या जरा वर जातं आणि तिथेच अडतं. अजून स्क्यू चुकतोय का? स्क्यू कमीजास्त करून बघू?

दुसरा. फील्डमधल्या डब्यांना नवा कर्नल अपडेटमधून जाणार आहे, दोन पार्टिशनची पद्धत आहे, नवीन चालला नाही तर जुन्यावर परत. पण डीटीबी (डिव्हाइस ट्रीची कंपाइल केलेली फाइल) आमच्याकडे दोन्हींना सामाईक असलेल्या बूट पार्टिशनमध्ये पडलेला आहे. नवा डीटीबी गेला आणि कर्नल परत ४.१४ वर आला तर तिथे उशीर दुप्पट होऊन नेट बंद पडेल का? कारखाना दीडशे किलोमीटरवर आहे, नेट गेलं की डबी गेली.

सोल्डर_काका:

४०० चं आधी. ते स्क्यूचं नाही. स्क्यू चुकला तर सीआरसी वाढतो, शून्य सीआरसीवर स्पीड अडत नाही. आय.एमएक्स६ च्या इरॅटात (चिपमधल्या माहीत असलेल्या दोषांच्या यादीत) ईआरआर००४५१२ वाचा: गिगाबिट ईनेटची आतली वाट अरुंद आहे, पाठवणं आणि घेणं मिळून सैद्धांतिक कमाल ४७० मेगाबिट. प्रत्यक्षात ४०० च्या आसपास मिळालं की समजायचं पूर्ण मिळालं. तुमच्या मॉडबसच्या रीडिंगला त्यातलं किती लागणार?

स्क्यूला सध्या हात लावू नका. ‘-आयडी’ दिल्यावर ड्रायव्हर येणाऱ्या दिशेला फायच्या मूळ १.२ वर क्लॉक आणखी ०.६ मागे ढकलून १.८ करतो आणि जाणाऱ्या दिशेला क्लॉक ०.९६ मागे, डेटा ०.४२ पुढे करून १.३८ पर्यंत जातो. स्पेसिफिकेशनच्या दीडला जरा कमीच, पण या चिपमध्ये त्या बाजूला त्याहून जागा नाही, आणि ट्रेस एकाच मापाच्या असतील तर पुरतं. कधी पुढे लागलंच तर एक लक्षात ठेवा. ट्रीत टीएक्ससी-स्क्यू-पीएसची किंमत वजा लिहिता येत नाही, म्हणून सगळ्या आकड्यांना ढकललेलं आहे. क्लॉकसाठी ९०० लिहिलं म्हणजे खरा स्क्यू शून्य, १८६० म्हणजे अधिक ९६०, ० म्हणजे वजा ९००. डेटा आणि कंट्रोलसाठी शून्य म्हणजे ४२०. पायऱ्या ६० पिकोसेकंदांच्या. ‘काही नको’ म्हणून ० लिहिणारे बरेच भेटतात आणि ते क्लॉकला उलट्या टोकाला नेऊन ठेवतात.

आता डीटीबी. घाबरू नका. ४.१४ चा ड्रायव्हर या फायसाठी फाय-मोड वाचतच नव्हता, तोच तर सगळा घोळ होता. उशीर फिक्सअप करत होता, आणि तो ‘-आयडी’ असो वा नसो, तेवढाच करणार. एफईसीही चारही आरजीएमआयआय प्रकारांना सारखंच वागवतो. म्हणून नवा डीटीबी जुन्या कर्नलवरही चालायला हवा. पण माझ्या शब्दावर पाठवू नका, टेबलावर ४.१४ आणि नवा डीटीबी अशी जोडी गिगाबिट स्विचवर लावून बघा. उलटी जोडी, म्हणजे जुना डीटीबी आणि ५.१५, ही घातक आहे. ती तुम्ही कोल्हापुरात पाहिलीच. म्हणून अपडेटमध्ये डीटीबी आधी जाऊ द्या, कर्नल नंतर. आणि सवड मिळाली की डीटीबी कर्नलबरोबर एकाच फिट इमेजमध्ये बांधा, सामाईक पार्टिशनमध्ये सुटा ठेवू नका. आज फाय-मोडमध्ये दोघांचं जमलं, उद्या दुसऱ्या कुठल्या नोडमध्ये जमणार नाही.

बंगळूरचा_बापू:

काका, आमची ट्री बघितली. रीसेटची लाइन खरंच नाही. आणि यू-बूटमध्ये स्क्यू लिहिलेले आहेत. उद्या मायक्रेल परत चालू करून ‘-आयडी’ टाकतो.

नेटवाला_नाशिक:

केबल तरी शिल्डेडच टाका हो. मिल हाउस आहे ते.

गाळप_गेटवे:

नेटवाला दादा, शिल्डेड मागवली आहे, तुमच्या नावाने.

काका, ४.१४ आणि नवा डीटीबी अशी जोडी लावली, गिगाबिटवर चालते, सीआरसी नाही. उलटी जोडी लावली, अपेक्षेप्रमाणे बंद. अपडेटच्या स्क्रिप्टमध्ये डीटीबी आधी, मग सिंक, मग रीबूट करून नेट आलं का ते तपासणं, आणि त्यानंतरच कर्नल, असा क्रम लावला. नोडच्या वर टिप्पणी लिहिली: ‘ट्रेस सारख्या मापाच्या, उशीर दोन्ही दिशांना फाय करतो, म्हणून -आयडी’.

एकच राहिलं. पॅनेलच्या आत उन्हाळ्यात बरंच तापतं. १.३८ म्हणजे काठावर आहे असं तुम्हीच म्हणालात. तापल्यावर टिकेल हे कसं बघू? आमच्याकडे १२५ मेगाहर्ट्झच्या कडा नीट दाखवेल असा स्कोप नाही.

सोल्डर_काका:

स्कोप नको. टीएक्ससी-स्क्यू-पीएस १८६० वरून एकेक पायरी, ६० ने, खाली आणत जा. प्रत्येक पायरीला बोर्डाकडून लॅपटॉपकडे आयपर्फ३ चालवा आणि लॅपटॉपच्या कार्डाचा सीआरसी बघा, कारण चूक आता तिकडे उमटणार. कुठल्या पायरीला पहिला सीआरसी पडतो ते लिहून ठेवा. मग डबी बंद पॅनेलमध्ये ठेवून, तापवून, परत तेच. थंडीतला आणि उष्णतेतला काठ यांत किती पायऱ्यांचा फरक पडतो आणि तुमच्या १८६० पासून तो किती लांब आहे, ते कळेल. येणाऱ्या दिशेसाठी आरएक्ससी घेऊन हेच करा, पण तिथे काठ दोन्ही बाजूंना शोधा, कारण त्या दिशेला वर जायलाही जागा आहे. सीआरसी तेव्हा एफईसीच्या काउंटरमध्ये बघायचा. हे सगळं ‘-आयडी’ तसंच ठेवून करा. ड्रायव्हर आधी फाय-मोडचा उशीर लावतो आणि ट्रीत दिलेला स्क्यू नंतर त्याच्यावर लिहितो. कर्नलच्या आवृत्तीप्रमाणे यावर इशाऱ्याची ओळ येऊ शकते, चाचणीपुरतं तिच्याकडे दुर्लक्ष करा. चाचणी झाली की स्क्यूच्या ओळी ट्रीतून काढून टाका. आकडे इथे टाका, बापूंनाही लागतील.